सोलापूरच्या उन्हात एक्सफोलिएटिंग टोनर : कोणता घ्यायचा, कधी लावायचा, कधी बंद करायचा

आधीच एक क्लिअर करून टाकते. बाटलीवर 'डेली' छापलंय म्हणून रोज लावायचाच असं काही नसतंय, आणि सनस्क्रीन लावायचा कंटाळा येत असेल तर हा एक्सफोलिएटिंग, म्हणजे मेलेली कातडी काढणारा टोनर विकतच घेऊ नका, खरंच, पैसे वाचवा आणि तेवढ्यात एक बरी सनस्क्रीन घ्या. पुण्या-मुंबईच्या रील्स बघून आपल्याकडच्या पोरी सुरू करतेत आणि मग एप्रिलमध्ये गाल काळे पडले म्हणून टोनरला शिव्या घालतेत. चूक टोनरची नसतीय, आपण कुठल्या गावात राहतोय हे विसरल्याची असतीय.

टोनर म्हटलं की अजून बऱ्याच घरांत गुलाबपाणीच समजतेत. गुलाबपाणी लावलं की गार वाटतं, बास, त्याने मेलेली कातडी निघत नाही. आपण बोलतोय तो टोनर म्हणजे पाण्यासारखं पातळ लिक्विड ज्यात थोडंसं ॲसिड असतं. ॲसिड म्हटलं की आई लगेच "तोंडाला ॲसिड लावतीस का गं?" म्हणून ओरडती, पण दही आंबट होतं तेही लॅक्टिक ॲसिडमुळेच, आणि ग्लायकोलिक ॲसिड तर आपल्या जिल्ह्यात जिकडे तिकडे उभ्या असलेल्या उसात पण सापडतं. आता याचा अर्थ उसाचा रस तोंडाला फासा असा नाही हं, बाटलीतलं ग्लायकोलिक बहुतेक वेळा फॅक्टरीतच बनवलेलं असतं, त्याची टक्केवारी आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड कडक) मोजलेला असतो, घरच्या दह्याचा किंवा लिंबाचा कोण मोजणार. लिंबू आणि साखर घासायचा प्रकार तर आजच बंद करा, लिंबाचा पीएच २ च्या आसपास असतो आणि साखरेचे खडे वरून ओरखडे काढतेत ते वेगळंच.

हे करतं काय ते थोडक्यात. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतेत. तरुणपणी साधारण २८ दिवसांत खालची नवी पेशी वर येऊन झडून जाती, वय वाढलं की हे काम सावकाश होतं. सुताला खळ लावल्यावर धागे कसे चिकटून कडक होतेत आणि खळ धुतली की सुटे होतेत, तसं हे ॲसिड त्या पेशींमधली पकड सैल करतं, मग त्या आपोआप निघतेत, घासायला लागत नाहीत. त्यामुळे चेहरा गुळगुळीत लागतो, उजेड पडला की चमकतो, आणि मॉइश्चरायझर नीट मुरतं. गोरं होत नाही. हे दोनदा वाचा. ज्याला गोरं व्हायचंय त्याने हा लेख सोडून दिला तरी चालेल.

कोणता घ्यायचा

दुकानदाराला विचारू नका, बाटली उलटी करून मागं बघा. त्यात यातलं एखादं नाव दिसेल.

ग्लायकोलिक ॲसिड : सगळ्यात छोटा रेणू, म्हणून सगळ्यात पटकन आत जातो, असर पण जास्त आणि जळजळ पण जास्त. टोनरमध्ये साधारण ५ ते ८ टक्के असतंय. पहिल्यांदाच वापरणार असाल तर यापासून सुरू करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, भले सगळ्या यूट्यूबवाल्या तेच सांगू देत.

लॅक्टिक ॲसिड : रेणू थोडा मोठा, शिवाय पाणी धरून ठेवतं, त्यामुळे कोरड्या कातडीला बरं. हिवाळ्यात ज्यांच्या गालावर पांढरे पापुद्रे येतेत त्यांच्यासाठी हा ५ टक्क्यांचा बेस्ट.

मँडेलिक ॲसिड : याचा रेणू अजून मोठा, अगदी सावकाश मुरतो. सावळ्या-गव्हाळ रंगाला, ज्यांना पुळी गेली तरी डाग मागं राहतो, त्यांना हे लै मानवतं. मला विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक जणींनी इथूनच सुरुवात करावी.

सॅलिसिलिक ॲसिड : हे वरच्या तिघांसारखं पाण्यात नाही तर तेलात विरघळतं, म्हणून छिद्रांतल्या तेलात शिरून आतलं साफ करतं. तेलकट नाक, ब्लॅकहेड्स, कपाळावर बारीक दाणे असणाऱ्यांना हे. अर्धा ते २ टक्के असतंय. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर याच्या वाटेला जायचं नाही, दोघं एकाच घराण्यातले आहेत.

आणि पीएचए, म्हणजे ग्लुकोनोलॅक्टोन किंवा लॅक्टोबायोनिक ॲसिड. हे सगळ्यात सौम्य. रेणू मोठे, वर-वरच काम करतेत, आणि ओलावा पण देतेत. नाजूक, पटकन लाल होणारी कातडी असेल तर हेच. 'रोज' हा शब्द खऱ्या अर्थाने कुठल्या टोनरला लागू होत असेल तर तो यालाच, तो पण कातडीला सवय झाल्यावर.

पीएच लिहिलेला असेल तर ३.५ ते ४ च्या आसपास बघा. त्याच्या लै खाली गेला की जळतं, लै वर गेला की नुसतं महागडं पाणी लावल्यासारखं होतं. 'अल्कोहोल डीनॅट' पहिल्या चार-पाच नावांत असेल किंवा उघडल्या उघडल्या अत्तराचा वास येत असेल तर ठेवून द्या तिथंच.

अजून एक, त्या लाल रंगाच्या पीलिंग सोल्युशनला टोनर समजू नका. द ऑर्डिनरी कंपनीचं जे रक्तासारखं दिसतं त्यात ३० टक्के एएचए (ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिकच्या जातीची ॲसिडं) आणि २ टक्के बीएचए (म्हणजे सॅलिसिलिक) आहे, ते जास्तीत जास्त १० मिनिटं ठेवून धुवायचं असतं. ते लावून रात्रभर झोपला तर सकाळी आरशात बघायची हिंमत होणार नाही.

नवी पेठेतून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, पण सील, बॅच नंबर आणि एक्सपायरी बघून घ्या, आणि पहिल्यांदा छोटीच बाटली घ्या.

लावायच्या आधी

पॅच टेस्ट सगळे सांगतेत आणि कुणीच करत नाही. करा. कानाच्या मागं किंवा जबड्याच्या खाली दोन थेंब रात्री लावायचे आणि दोन दिवस बघायचं. थोडंसं चुणचुणलं आणि मिनिटाभरात गेलं तर ठीक, पण खाज, लाल चट्टा, फोड काही आलं तर ती बाटली तुमची नाही, बहिणीला द्या.

कुणी लावूच नये ते पण सांगते. चेहऱ्यावर एक्झिमा किंवा उघडी जखम असेल तर नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. प्रेग्नंट असाल तर पण आधी तुमच्या डॉक्टरला बाटलीचा फोटो दाखवा, विशेषतः सॅलिसिलिक असेल तर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते मेडिकलमधून 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून आणलेलं क्रीम. बऱ्याच ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतंय, हे स्टेरॉइड आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तोंडाला लावायचेच नाहीत. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होती, बारीक लाल शिरा दिसतेत, केस येतेत, आणि बंद केलं की तोंड भाजल्यासारखं लाल होतं. अशा कातडीवर टोनर म्हणजे आगीत तेल. पाहुण्यांत एखादी वहिनी किंवा मावशी असं काही लावत असेल तर तिला टोनर सुचवायच्या आधी स्किनच्या डॉक्टरकडं पाठवा, खासगीत परवडत नसेल तर सिव्हिलला जा, पण स्वतःच्या मनाने प्रयोग नको.

रात्रीचा क्रम

रात्रीच लावायचा. दिवसा लावला तर काम करत नाही असं नाही, पण आपल्या उन्हात कशाला रिस्क घ्यायची.

एक, तोंड धुवायचं. इथं सोलापूरचा खास प्रॉब्लेम येतो, पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड, मधले दिवस बोअरवर, आणि बोअरचं पाणी इतकं जड असतं की साबणाला फेस येत नाही आणि धुतल्यावर तोंडावर चिकट थर राहिल्यासारखं वाटतं. तो साबण आणि कॅल्शियमचा मळ असतो. मग लोक अजून घासतेत, अजून साबण लावतेत. साबणाची वडी ९-१० पीएचची, कातडी ५ च्या आसपासची, त्यात असं घासलेल्या तोंडावर ॲसिड टाकलं की जळणारच की. म्हणून साबण नसलेला सौम्य फेसवॉश घ्या आणि जमलं तर शेवटचे दोन-तीन हबके साठवलेल्या नळाच्या पाण्याने मारा.

दोन, पुसायचं. आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय टॅग आहे, जगभर जातो, सगळं मान्य, पण त्याने तोंड खसाखसा पुसलं की ते पण एक स्क्रबच झालं. टॉवेल नुसता टेकवायचा. जुना धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कपडा तर अजून बरा.

तीन, थांबायचं. पाच मिनिटं, तोंड पूर्ण कोरडं होईपर्यंत. ओल्या कातडीत ॲसिड जास्त जोरात मुरतं, सुरुवातीला ते नको.

चार, तळहातावर चार-पाच थेंब घ्या, दोन्ही हाताला लावा आणि कपाळ, गाल, हनुवटीवर हलकेच टेकवा. कापूस घेतला तरी चालतो, पण अर्धा टोनर कापूसच पितो आणि तो ओढून फिरवायची सवय लागती. डोळ्यांच्या भोवती, नाकपुडीच्या कोपऱ्यात, ओठांच्या कडेला लावायचा नाही, कारण तिथं कातडी सगळ्यात आधी फाटती. मान पण सुरुवातीला सोडून द्या. नंतर हात धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर पाणी येईल.

पाच, मिनिटभर थांबून मॉइश्चरायझर. साधं, वास नसलेलं, सिरॅमाइड किंवा ग्लिसरीनवालं. तेलकट कातडी आहे म्हणून हे गाळू नका. फारच नाजूक कातडी असेल तर आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग टोनर, मग परत मॉइश्चरायझर, असं पण चालतं, असर थोडा कमी होतो पण त्रास पण कमी.

बास. त्या रात्री अजून काही नाही.

किती वेळा

पहिले दोन आठवडे फक्त दोन रात्री, समजा मंगळवार आणि शनिवार. काहीच त्रास नाही झाला तर तीन रात्री, एक सोडून एक. इथंच एखादा महिना थांबा. पीएचए असेल तर त्यानंतर रोज रात्री करून बघू शकता, मँडेलिक आणि लॅक्टिकवाल्यांनी आठवड्यात तीन-चार, आणि ग्लायकोलिकवाल्यांनी दोन-तीनच्या वर जायची मला तरी गरज वाटत नाही. ज्या रात्री टोनर नाही त्या रात्री नुसतं फेसवॉश आणि मॉइश्चरायझर, त्या पण रूटीनच्याच रात्री आहेत, 'स्किप' केल्यात असं वाटून घेऊ नका.

घाई का नाही करायची, तर आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी लै तत्पर असतेत. जरा चिडचिड झाली, जळजळ झाली की तिथं काळा डाग पडतो, आणि तो जायला महिने लागतेत. गोऱ्या कातडीच्या बाईने व्हिडिओत रोज लावून दाखवलं, तिची कातडी चिडली तर लाल होऊन चार दिवसांत निवळती. आपली काळी पडती आणि तशीच राहती. डाग घालवायला लावलेल्या गोष्टीनेच डाग पडले तर काय उपयोग.

जास्त झालंय हे कसं ओळखायचं? नुसतं पाणी लागलं तरी चुणचुणतं, रोजचंच मॉइश्चरायझर जळायला लागतं, कपाळ प्लॅस्टिकसारखं ताणलेलं आणि चकचकीत दिसतं, ओठांच्या कडेला साल निघती. बऱ्याच जणींना ती चकाकी ग्लो वाटती आणि त्या अजून लावतेत. यातलं काही दिसलं की टोनर कपाटात, फेसवॉश पण सकाळी बंद, नुसतं पाणी, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, कातडी पूर्ण शांत होईपर्यंत. दोन आठवडे पण लागतेत, महिना पण लागतो. परत सुरू करताना पहिल्यापेक्षा पण सावकाश, आठवड्याला एकदा.

सुरुवातीला थोडे बारीक दाणे वर येतेत ते पर्जिंग, म्हणजे आत अडकलेलं लवकर बाहेर येतं. ते नेहमी जिथं येतेत तिथंच येतेत आणि साधारण महिना-दीड महिन्यात कमी होतेत. जिथं कधीच पुळी येत नव्हती तिथं यायला लागल्या किंवा खाज सुटली तर ते पर्जिंग नाही, ते तुम्हाला सोसत नाही एवढंच.

सकाळ आणि ऊन

आता मुद्द्याचं. एएचए लावलेली कातडी उन्हाला जास्त लवकर भाजती, आणि हे फक्त त्या रात्रीपुरतं नसतं. अमेरिकेत अशा प्रॉडक्टवर लिहायची जी सूचना आहे त्यात, वापरत असताना आणि बंद केल्यावर पण एक आठवडा उन्हापासून जपा, असं म्हटलेलं आहे. म्हणजे रात्री लावून सकाळी धुतलं, आता काय, असं नाही चालत.

आणि ऊन म्हणजे आपलं. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, मेमध्ये त्रेचाळीसच्या आसपास जातो, आणि दुपारचा यूव्ही इंडेक्स ११ च्या पुढं, जो जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत सगळ्यात वरचा, एक्स्ट्रीम गट आहे. सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटीवर दोन मिनिटं उभं राहिलं तरी हात भाजतेत, तोंडाचं काय होत असेल.

म्हणून सनस्क्रीन, एसपीएफ ५०, पीए मागं निदान तीन प्लस. दोन बोटांवर रेघ ओढून जेवढी येती तेवढी तोंडाला आणि मानेला, बोटाच्या टोकावर घेतलेला मोतीएवढा थेंब लावून काही होत नाही. बाहेर फिरायचं असेल तर दोन-तीन तासांनी परत. वांग असेल, म्हणजे गालावर तपकिरी पट्टे, तर टिंटेड सनस्क्रीन घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडापासून पण वाचवतं. पण वांग नुसत्या टोनरने जात नाही, त्याला डॉक्टरच लागतो.

"मी तर स्कार्फ बांधते की" हे उत्तर मी सगळ्यांत जास्त ऐकलंय. बांधा, चांगलंच आहे, पण पातळ कॉटनच्या विणीतून ऊन आत येतं आणि घामाने कपडा भिजला की अजूनच येतं. स्कार्फच्या आत सनस्क्रीन हवीच. आणि तो स्कार्फ रोज धुवा ओ, आठवडाभर तोच घामेजलेला स्कार्फ हनुवटीला घासतो आणि तिथंच पुळ्या आल्या म्हणून सॅलिसिलिक शोधत बसतेत.

सीझनप्रमाणे बदला. मार्च ते पाऊस येईपर्यंत एक-दोन रात्रींवर या, ज्यांचं काम शेतात, साइटवर किंवा गाडीवर फिरतीचं आहे त्यांनी तर सरळ बंदच ठेवा, काही बिघडत नाही. पावसाळ्यात दमट हवेत तेल वाढतं तेव्हा सॅलिसिलिक बरं. नोव्हेंबर ते जानेवारी कोरडी थंडी, तेव्हा लॅक्टिक किंवा पीएचए, आणि मॉइश्चरायझर जरा जाड. आषाढीला पंढरपूरला चालत जाणार असाल, किंवा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, ६८ लिंगांच्या मिरवणुकीबरोबर दिवसभर फिरणार असाल, तर आठवडाभर आधीच टोनर बंद करा.

लग्नसराईचं पण तसंच. हळदीच्या आदल्या आठवड्यात नवीन टोनर सुरू करणं म्हणजे संकट बोलावणं, कातडी आधीच नाजूक झालेली, त्यावर हळद आणि उटण्याची घासाघास, आणि मग पार्लरवाली वरून ब्लीच मारती. थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच, फेशियल काहीही असो, दोन-तीन दिवस आधी आणि दोन-तीन दिवस नंतर टोनर नाही. पोरांनी पण ऐका, दाढी केलेल्या रात्री नाही.

कशाबरोबर चालतं : नायसिनामाइड चालतं, हायल्युरोनिक चालतं, सकाळी व्हिटॅमिन सी चालतं. एकाच रात्री चालत नाही : रेटिनॉल, अडापॅलिन, ट्रेटिनॉइन, आणि अर्थातच दुसरं कुठलंही ॲसिड किंवा स्क्रब. डाळिंबाच्या सालीची पावडर आपल्याकडं लै जण लावतेत, ती पण खरखरीतच असती, ती पण स्क्रबमध्येच मोजा.

फरक दिसायला वेळ लागतो. गुळगुळीतपणा दोन-तीन आठवड्यांत हाताला जाणवतो, डाग फिके व्हायला दोन-तीन महिने तरी धरा. रोज सेल्फी काढून झूम करू नका, महिन्यातून एकदा त्याच खिडकीत त्याच वेळी फोटो काढा आणि मग ठरवा.

बाटली कुठं ठेवायची? पत्र्याच्या घरात किंवा गच्चीखालच्या खोलीत मेमध्ये कपाट पण तापतं, तेव्हा माठाजवळच्या गार कोपऱ्यात किंवा सरळ फ्रिजच्या दारात ठेवा. गाडीच्या डिकीत तर कधीच नाही. मागं उघड्या डबीचं चित्र असतं, त्यावर सहा एम, बारा एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढेच महिने, उघडलेली तारीख पेनने लिहून ठेवा. रंग किंवा वास बदलला की टाकून द्या.

पाठीवरच्या पुळ्यांना पण सॅलिसिलिकवाला टोनर चालतो, आंघोळीनंतर पाठ कोरडी करून कापसाने लावायचा. काहींना डॉक्टर पाठीसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड देतात, ते टोनरच्या रात्री लावायचं नाही, आणि ज्या रात्री लावाल त्या रात्री अंगाखाली पांढरं काहीतरी टाका, कारण ते कपड्याचा रंग उडवतं आणि नवी कोरी सोलापुरी चादर ठिपक्याठिपक्यांनी पांढरी करून ठेवतं.